घंटेनंतरचा ठोका

त्या सिनेमात एक मुलगी दारात उभी राहून बापाला काहीतरी बोलते, आणि ती काय बोलते हे चव्वेचाळीस वर्षांत कुणाला कळलेलं नाही. मानेची शीर ताठते, वेणी पाठीवर उडते, गाल हलताना दिसतो, पण आवाज नाही. अकरा सेकंद सगळं चिडीचूप. मग मुलगी वळते आणि पळत सुटते, आणि बाप चौकट धरून उभा राहतो.

शाळा सोडून बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात बस्तान मांडणाऱ्या पाच उनाड पोरांची ती गोष्ट. सिनेमा आला तेव्हा मोठ्या माणसांनी नाकं मुरडली, पोरांनी तो चार-चारदा पाहिला, आणि तीच पोरं मोठी होऊन खुर्च्यांवर बसल्यावर त्यांनी त्याला थोर ठरवलं. त्या अकरा सेकंदांवर तर पानंच्या पानं लिहिली गेली. कुणी म्हणालं, एका अख्ख्या पिढीचा दाबलेला गळा तो हाच. कुणी म्हणालं, काही दुःखांना शब्दच नसतात, ते दिग्दर्शकाने किती हुशारीने दाखवलंय.

शब्द होते. ज्या मुलीचे ते होते ती आता साठीला आली होती. चौकातल्या चिंचोळ्या दुकानात बसून ती चेन बदलून द्यायची, पँटी आखूड करायची, वाढत्या पोरांच्या गणवेशांची दुमड उसवून द्यायची. सिनेमातल्या नावानेच, ठिणगी म्हणून, सगळे तिला ओळखत. गिऱ्हाइकं कपडे टाकायला येत आणि जाता जाता खडा टाकून बघत.

“ठिणगीबाई, आता तरी सांगा. काय बोलला होता हो तुम्ही?”

“म्हटलं, कॉलर उलटून मिळेल, पण गुरुवारी या.”

एकदा एक कॉलेजातली मुलगी वही घेऊन आली होती. तिला ठिणगीने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की मी तेराचा पाढा म्हणत होते. मुलीने ते खरंच लिहून घेतलं, तेव्हा ठिणगीला दोन दिवस चुटपुट लागून राहिली. पण खरं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. नवरा बिचारा विचारायचाही थांबला, आणि मग तो गेलाच.

अशात एक दिवस, शिलाई मशीनच्या चाकाला तेल देत असताना, फोन आला. बोलणारी बाई तरुण होती, आवाजाचं काम करणारी. जुने सिनेमे स्वच्छ करून नव्याने पडद्यावर आणायचं काम चालू होतं, त्यात हाही सिनेमा होता.

“मावशी, त्या वेळी आवाज टिपणारे जे काका होते ना, ते मागच्या वर्षी गेले. त्यांच्या बायकोने माळ्यावरची एक पेटी आमच्याकडे दिली. तिच्यात त्या सीनची मूळ टेप आहे.”

ठिणगीने तेलाची कुपी खाली ठेवली.

“त्याच्यात आहे?”

“तुमचं बोलणं? आहे. शेवटी एक मोठा ठोका आहे, कुणीतरी हातोडी मारल्यासारखा. म्हणूनच त्या वेळी आवाज टाकून दिला असणार. पण आता असे ठोके काढता येतात. मी काढलाय. वरचे लोक म्हणतायत, नव्या प्रिंटमध्ये वाक्य घालायचंच. मी म्हटलं, मावशींना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही.”

“मी नाही म्हटलं तर?”

“तर मी नाही लावणार. माझी नोकरी जरा डळमळेल, पण जाणार नाही. पुढचं काम करायला त्यांना तरी कोण मिळतंय.”

मुलगी हसली, म्हणून ठिणगीही हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिने एका तासात तीन सुया मोडल्या.

*

ठोका कुणाचा, हे तिला विचारायची गरज नव्हती.

तिचे बाबा सिनेमाचे सेट उभे करणारे सुतार होते. आज वाडा, उद्या पोलीस ठाणं, परवा आगगाडीचा डबा. पुढून बघावं तर हुबेहूब, मागून गेलं तर फळ्या, टेकू आणि खिळे. लहानपणी ठिणगीला वाटायचं, जगात सगळ्याच घरांना मागची बाजू नसते. बाबा मोजकं बोलत. कामावर त्यांच्या ओठांत चार-पाच खिळे कायम धरलेले असत, आणि घरी आल्यावरही ते काढून ठेवायला विसरलेत की काय, असं वाटावं इतकं कमी बोलत. आवाजाचा सीन असला की अंगणात घंटा वाजे. पहिली घंटा झाली की सगळ्या हातोड्या, करवती, रंधे जागच्या जागी थांबायचे, दुसरी होईपर्यंत. बाबांची हातोडी कमरेच्या पट्ट्यात जायची. घंटेनंतर त्यांनी टाचणीचाही आवाज केला नाही, असं सगळे सांगत. नव्या माणसांना त्यांचा दाखला देत.

त्या उन्हाळ्यात ती सोळाची होती. रोज दुपारी बाबांचा डबा घेऊन जायची, लाकडाच्या भुशावर बसून ते जेवेपर्यंत थांबायची, रिकामा डबा घेऊन परत यायची. दिग्दर्शकाला खरी पोरं हवी होती, नटलेली नकोत. त्याने तिला पाहिलं ते ती एका रंगाऱ्याशी भांडत होती तेव्हा. रंगाऱ्याने तिच्या फ्रॉकवर पांढरा रंग उडवला होता आणि वर हसत होता.

“ही कुणाची ठिणगी?” दिग्दर्शकाने विचारलं.

“माझी,” बाबा म्हणाले. ओठांतून खिळे काढून म्हणाले, म्हणजे गोष्ट मोठीच होती.

असं नाव पडलं, आणि असा तो उन्हाळा सुरू झाला. पाच पोरं. एक म्होरक्या, त्याला सगळे कप्तान म्हणायचे. एक जाड्या, एक चश्मिस, एक कधीच न बोलणारा मुका, जो खरं तर तिथल्या तिथे सगळ्यांच्या नकला करायचा. आणि ती. सकाळभर ती पाच जणं पडद्यासाठी बंड करायची, काचा फोडायची, मास्तरांना उलट बोलायची, आणि दुपारी एकाच सायकलवर तिघं बसून मागच्या अंगणात गोल गोल फिरायची. जाड्याने तिला शिट्टी वाजवायला शिकवली. कप्तानाने शिव्या शिकवल्या, सात, त्यातल्या दोन तिला अजून कामी येतात. पडद्यावर शाळेची घंटा उपटून विहिरीत टाकणारा तो कप्तान पुढे चांगला मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला. भेटला की म्हणायचा, “पोरं सिनेमा बघून माझ्यासमोर येतात आणि मलाच शिकवतात ग.” सगळ्यांचे केस गेले, दात गेले, चश्मिस तर स्वतःच गेला. पण डोळे मिटले की ती पाचही पोरं तिला अजून घामेजलेली, गुडघे फुटलेली, त्या सायकलवर दिसत. सोळाव्या वर्षाचं ऊन तेव्हा किती पिवळं होतं, आणि दिवस किती लांब.

एकच दिवस त्यात काळा. शेवटून तिसरा.

सीन बाप-लेकीच्या भांडणाचा. घराचं दार, दोन्ही बाजूंना भिंत, मागे काही नाही. वारा सुटला होता आणि भिंत हलत होती, म्हणून बाबा मागे टेकू ठोकत होते. दिग्दर्शकाने तिच्या हातातला कागद काढून घेतला.

“हे लिहिलेलं विसर. घरी तुझ्या बाबांना जे बोलावंसं वाटतं आणि बोलता येत नाही, ते बोल.”

तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त खरं हवं होतं, आणि खरं कुठून येतं याची त्याला चौकशी नव्हती.

घंटा झाली. ती दारात उभी राहिली. समोर सिनेमातला बाप, पोस्टातल्या कारकुनाच्या वेशातला एक मवाळ नट. आणि तिच्या डाव्या हाताला, भिंतीच्या खालच्या फटीतून, दोन चपला दिसत होत्या. उजव्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. घंटा झाल्यावर बाबा होते तिथेच थबकले होते, भिंतीच्या पलीकडे, तिच्यापासून हात-दोन हातांच्या अंतरावर.

ती नटाकडे वळलीच नाही. भिंतीकडे तोंड करून बोलली. म्हणून तर पुढे कुणाला तिचे ओठ वाचता आले नाहीत.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती गेली त्या दिवशी सकाळपासून तिचं काही खरं नव्हतं, बाबांना दोनदा निरोप धाडला, पण कुठल्याशा राजवाड्याचा सेट दुसऱ्या दिवशी लागायचा होता. बाबा आले तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि आई गेलेली होती. ती तेव्हा काही बोलली नाही, बाबाही बोलले नाहीत. दोन वर्षं ते दोघं एकमेकांना “जेवलीस का” आणि “नळ आलाय” एवढंच म्हणत राहिले.

भिंतीला ती म्हणाली, “आई दिवसभर दाराकडे बघत होती. तुम्ही आला नाहीत. तुम्ही तिकडे खोट्या भिंती उभ्या करत होतात.”

आणि धाडकन ठोका पडला.

ती पळाली. सेट सोडून, अंगण ओलांडून, रंगाच्या खोलीमागच्या नळापर्यंत. तिथे बसून राहिली. कुणीतरी येईल असं वाटत होतं. कुणीतरी म्हणजे कोण, तेही तिला ठाऊक होतं. आला जाड्या, आणि म्हणाला, “चल, पॅकअप झालं.”

तो सीन पुन्हा घेतलाच नाही. सिनेमात ती जागा मुकी राहिली. आणि ठिणगीने मनाशी गाठ मारून ठेवली, की आयुष्यात एकदा मी खरं बोलले आणि बाबांनी त्याच्यावर हातोडी मारली. घंटेचा नियम मोडून मारली. जगाला ऐकू जाऊ नये म्हणून. अठराव्या वर्षी ती कपड्यांच्या कारखान्यात लागली आणि घराबाहेर पडली. बाबा पुढे नऊ वर्षं होते. ती जायची, भाजी नीट करून द्यायची, त्यांच्या सदऱ्यांची बटणं लावायची. “जेवलीस का,” ते म्हणायचे. “हो,” ती म्हणायची. त्यांनी तो सिनेमा कधी पाहिला नाही. तिनेही कधी चला म्हटलं नाही.

*

आवाजवालीची खोली जिन्याखाली होती. भिंतींना गादीसारखा जाड फोम, जमिनीवर मऊ कापड. आत शिरलं की कानांवर कुणी हात ठेवल्यासारखं वाटे. कोपऱ्यात एका टोपलीत पाच महिन्यांचं बाळ निजलं होतं, मुठी डोक्याच्या वर टाकून.

“पाळणाघर आज बंद आहे,” आवाजवाली ओशाळून म्हणाली. “पण इतकी शांत खोली शहरात दुसरी नाही. इथे याची झोप मस्त होते. माझीच होत नाही.”

“झबल्याचा बंद उलटा लागलाय ग,” ठिणगी म्हणाली. “राहू दे, उठल्यावर बघू.”

आवाजवालीने तिला खुर्चीत बसवलं, हेडफोन दिला, आणि आधी स्वच्छ केलेलं ऐकवलं.

ठिणगी वाट बघत होती एका कडाडणाऱ्या आवाजाची. इतकी वर्षं तिच्या आठवणीत ते बोलणं विजेसारखं कडाडायचं. कानात आला तो एक बारीक, चिरका आवाज, सर्दी झाल्यासारखा. “दिवसभर” म्हणताना तो फाटला. “खोट्या” म्हणताना तर जवळजवळ बोबडाच झाला.

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“एवढीशी होते का ग मी?”

“सोळा म्हणजे एवढंसंच ना, मावशी.”

“मला वाटायचं मी मोठी होते. म्हणून तर…” ती थांबली. “न पुसलेलं ऐकव. ठोक्यासकट.”

आवाजवालीने टेप मागे नेली. घंटा वाजली, खरी, पितळेची. वारा. लाकूड कुरकुरलं. मग ती पोर बोलायला लागली, आणि शेवटच्या शब्दावर ठोका.

“परत.”

परत तोच ठोका.

“आणखी एकदा. फक्त तेवढाच.”

आवाजवाली तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत राहिली. सहाव्या वेळी ठिणगीने हात वर केला.

“ही मारलेली नाहीय.”

“म्हणजे?”

“खिळ्यावर हातोडी बसली ना, की आवाज टणक येतो, आखूड. लोखंडाला लोखंड. मी सुताराची मुलगी आहे, माझं बालपण त्या आवाजात गेलंय. हे ऐक. आधी दांडा आपटलाय लाकडावर. मग डोकं. आणि मग ती अर्धी लवंडलीय. ऐकू येतंय? घरंगळल्यासारखं.” तिने स्वतःचा हात हवेत उघडून दाखवला. बोटं सुटी, रिकामी. “ही हातातून पडलीय.”

आवाजवालीने आवाज वाढवून ऐकला आणि हळूच मान हलवली. तिने फाईलवर ठोका असं लिहून ठेवलं होतं. ते तिने खोडलं.

“त्यांच्या हातून कधी काही पडायचं नाही ग,” ठिणगी म्हणाली. “कपसुद्धा नाही.”

“मावशी, टेप पुढे चालू आहे. काकांनी लगेच बंद केली नव्हती. मिनिटभर बोलणं आहे लोकांचं. मला वाटलं तुमच्या कामाचं नसेल.”

“लाव.”

धावत जाणारी पावलं, लांब लांब होत गेलेली. ती तिचीच. मग दिग्दर्शकाचा आवाज, तापलेला: “कोण आहे तिकडे?”

थोडा वेळ नुसता वारा. आणि मग:

“मी.”

ठिणगीने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. बाबांचा एक फोटो होता तिच्याकडे, पट्टी होती, रंधा होता. आवाज नव्हता. तेहतीस वर्षांत तो कसा होता हेच ती विसरून गेली होती. कुणी विचारलं असतं तर तिने जाड म्हणून सांगितलं असतं. तो जाड नव्हता. मऊ होता, थोडा बसका.

“तुम्ही? तुम्हाला घंटा ऐकू नाही आली?”

“आली.”

“अहो, मग? काय बोलली पोरगी, ऐकलंत? असं परत येईल का तिला? चला, बोलवा, लगेच परत घेऊ.”

“परत नका घेऊ, साहेब.”

“का?”

“खरं बोलली ती. एकदा बोलली ना. परत परत नका बोलायला लावू. लेकराला त्रास होईल.”

मग दिग्दर्शक बारीक आवाजात म्हणाला, “चित्र तर चांगलं आलंय. बघू. आवाजाशिवाय बघू.” पावलं गेली. टेपजवळून एक तिसरा आवाज आला, आवाज टिपणाऱ्या काकांचा: “नळाकडे गेलीय ती. जा, बघून या.”

“मी गेलो तर आणखी रडेल,” बाबा म्हणाले.

आणि टेप संपली. नुसती खरखर राहिली.

आवाजवालीने पाण्याचा ग्लास सरकवला. ठिणगीने तो उचलला नाही.

“रडले असते,” ती अखेरीस म्हणाली. आवाजवालीला नाही, समोरच्या यंत्राला म्हणाली. “रडलेच असते. पण यायचं होतं हो.”

ते म्हणताना तिचा आवाज फाटला, अगदी मघाच्या त्या पोरीसारखा, आणि तिचं तिलाच कसंसं झालं. मग तिने पदराने नाक पुसलं. नळाशी बसलेली ती, आणि भिंतीमागे उभे राहिलेले ते. मध्ये पन्नास पावलांचं अंगण. तिची लेक पंधराची असताना एकदा दार आपटून गच्चीवर गेली होती, आणि ठिणगी स्वतः जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून राहिली होती, वर जावं की न जावं. गेली नव्हती तीही. आत्ताच का आठवावं ते.

टोपलीतलं बाळ कुरबुरलं. आवाजवाली उठायच्या आत ठिणगीने त्याला उचललं, मांडीवर आडवं घेतलं, आणि बोटांना सवयच असल्यासारखा तो बंद सोडून सरळ बांधला. बाळ तिच्या हनुवटीकडे बघत राहिलं.

“मावशी,” आवाजवाली जपून म्हणाली, “मला आज कळवायचंय. वाक्य घालायचं की नाही.”

“घातलं तर काय होईल?”

“काय होणार, मोठा गाजावाजा होईल. सगळे विचारतायत ना इतकी वर्षं. थिएटरात प्रत्येक खेळाला लोक श्वास रोखून ऐकतील.”

“प्रत्येक खेळाला.”

“हो.”

“दिवसातून किती?”

“चार तरी.”

ठिणगीने बाळाच्या पाठीवर थोपटलं. “म्हणजे ती दिवसातून चारदा बोलणार. आणि ते दिवसातून चारदा ऐकणार.” तिने मान हलवली. “नको ग. त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं, आणि ऐकलं होतं त्या साहेबानं. मीच राहिले होते ऐकायची. राहू दे ते मुकंच.”

आवाजवालीचा चेहरा जरा उतरला. कलावंताचा जीव, एवढं घबाड हाती लागून सोडून द्यायचं म्हणजे जड जाणारच. पण तिने टाळलं नाही. वही ओढली आणि लिहिलं: जसं आहे तसं ठेवणे.

“वरच्यांना काय सांगू?”

“सांग, म्हातारी हट्टी आहे. सिनेमा बघितला असेल तर आश्चर्य वाटणार नाही त्यांना.”

मुलगी खुदकन हसली. मग म्हणाली, “टेपची एक प्रत देऊ तुम्हाला? सगळ्याची?”

“माझं नको. मला माहितीये मी काय बोलले ते.” ठिणगीने बाळाला खांद्यावर घेतलं. “हातोडी पडते ना, तिथून पुढचं दे. आणि लेकीच्या मोबाईलवर कसं पाठवायचं तेही सांग. तिने आजोबा ऐकलेले नाहीत.”

प्रत निघायला तेवढंच मिनिट लागणार होतं, कारण टेप पुन्हा तेवढी चालवावी लागत होती. आवाजवालीने हेडफोनची तार काढली आणि आवाज खोलीत सोडला, अगदी हलका, बाळाला त्रास होणार नाही इतका. ठिणगी डोलत उभी राहिली. वारा सुटला, पावलं दूर गेली, साहेब तापला. बाबा म्हणाले, “मी.” बाळाने खांद्यावरून मान वळवून आवाज कुठून येतो ते शोधलं. ठिणगीही तिकडे वळली, त्याला नीट दिसावं म्हणून.